पादचाऱ्याला वाहनाची धडक बसल्यावर चालक व मालकाने काय करावे : अपघातस्थळापासून न्यायालयापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पायी चालणाऱ्याला वाहनाची धडक बसली की चालकाच्या हातून बहुधा त्याच त्या चुका होतात. तो घाबरून निघून जातो. थांबलाच तर गावच्या पंचांपुढे रक्कम ठरवून प्रकरण मिटले असे समजतो. आणि लायसन्स नसलेला मुलगा गाडी चालवत असेल तर थोरल्या भावाचे नाव पुढे करतो. मूळ अपघात निव्वळ दुर्दैवाचा असला तरी त्यानंतरची ही कृत्ये निव्वळ दुर्दैवाची राहत नाहीत, आणि त्यांची शिक्षा वेगळी भोगावी लागते. शिवाय या चुकांमुळे रस्त्यावर पडलेल्या माणसाचे उपचार लांबतात, म्हणून हा लेख चालकाला वाचवण्यासाठी जितका आहे तितकाच त्या माणसासाठीही आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी. एका अपघातातून तीन स्वतंत्र प्रकरणे उभी राहतात. पहिले फौजदारी, जे भारतीय न्याय संहितेखाली दंडाधिकाऱ्यांपुढे चालते. दुसरे नुकसानभरपाईचे, जे मोटार वाहन अधिनियम १९८८ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालते. तिसरे लायसन्स व वाहनाच्या कागदांचे, जे आरटीओकडे जाते. यांतील एक संपले म्हणून दुसरे संपत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका हे न कळल्यामुळेच होतात.

टप्पा १ : गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीची तयारी

ही तयारी अपघातानंतर करता येत नाही, म्हणून तिला पहिले स्थान दिले आहे.

विम्याची मुदत प्रथम पाहावी. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा (आपल्या वाहनामुळे दुसऱ्याची हानी झाल्यास भरपाई देणारा) एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे ती मुदत कधी संपली हे घरात कोणालाच आठवत नाही, आणि जुन्या दुचाकी वर्षानुवर्षे विम्याविना फिरतात. विमा नसताना वाहन चालवल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण ती रक्कम क्षुल्लक म्हणावी, इतकी मोठी भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. तिचा हिशेब टप्पा ७ मध्ये दिला आहे.

दुसरी तपासणी मालकीची. सीमाभागात कोल्हापूर किंवा गडहिंग्लजहून एमएच ०९ क्रमांकाची दुचाकी विकत घेऊन ती बेळगावात तशीच वापरणारे अनेक आहेत. विकणाऱ्याने फॉर्मवर सही करून दिली, पैसे पोहोचले, एवढ्याने कायद्याच्या दृष्टीने मालकी बदलत नाही. ज्याचे नाव आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आहे तोच भरपाईसाठी मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून विकणाऱ्याने नाव बदलून झाल्याची खात्री करावी, आणि घेणाऱ्याने आरसीबरोबर विम्यावरचेही नाव बदलून घ्यावे.

तिसरी तपासणी लायसन्सच्या प्रकाराची. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवता येते, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकालात काढला आहे. त्याहून जड वाहनाला स्वतंत्र परवानगी लागते. ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक पाहावे. ट्रेलरचा विमा आहे का, आणि शेतीकामासाठी विमा काढलेला ट्रॅक्टर भाड्याने विटा किंवा वाळू वाहण्यासाठी तर वापरला जात नाही ना? विमा कंपनी नेमक्या याच मुद्द्यावर जबाबदारी नाकारते.

इशारा : अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याने कोणाला धडक दिली, तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड आहे, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते, हे मालकालाच सिद्ध करावे लागते.

टप्पा २ : पहिली पंधरा मिनिटे

क्रम असा ठेवावा. गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, मागून येणाऱ्या वाहनांसाठी धोक्याचे दिवे लावावेत, आणि लगेच जखमीकडे जावे. १०८ किंवा ११२ ला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही चालतो. फोनवर ठिकाण सांगताना केवळ ‘हायवेवर’ असे सांगू नये. पुणे–बंगळूर महामार्गावर असाल तर काकती, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी यांपैकी जवळचे गाव, गाडी कोणत्या दिशेने जात होती ते, आणि दिसत असल्यास किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. दोन दिशांमध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर रुग्णवाहिका चुकीच्या बाजूला आली की तिला बरेच लांबून वळून यावे लागते.

जखमीला उचलताना मान व पाठ सरळ राहील अशा बेताने तीन-चार जणांनी मिळून उचलावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिकेला फार वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने न्यावे. मदत करणाऱ्या त्रयस्थाला आपण होऊन धीर द्यावा, कारण कलम १३४-अ प्रमाणे सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. लोक पुढे येत नाहीत ते हे ठाऊक नसल्यामुळे.

अपघातग्रस्तांसाठीची विनारोख उपचार योजना केंद्र सरकारने ५ मे २०२५ पासून लागू केली आहे. नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार होतात. रुग्णालयात पोहोचताच नातेवाइकांच्या वतीने याची विचारणा चालकानेही करावी. अनामत रकमेअभावी उपचार थांबले, असे घडू देऊ नये.

जमाव चिडला असेल तर काय करावे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कलम १३४ मध्ये जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य सांगतानाच जमावाच्या रोषामुळे किंवा अन्य आवाक्याबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसल्याची सवलतही दिलेली आहे. परंतु ही सवलत जागा सोडण्यापुरती आहे, गप्प बसण्याची नव्हे. जीव धोक्यात असेल तर तेथून निघावे, वाटेतच ११२ ला फोन करून जखमी कोठे आहे ते सांगावे, आणि घरी किंवा पाहुण्यांकडे न जाता सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. पळालेला चालक आणि ठाण्यात गेलेला चालक यांच्यातला फरक न्यायालयाला फोनच्या नोंदीवरून व ठाण्यात पोहोचलेल्या वेळेवरून दिसतो.

तपासून पाहा : गाडी हलवण्याआधी चार बाजूंनी छायाचित्रे घेतली का? त्यांत ब्रेकच्या खुणा, रस्त्यावरचे दिवे, साइडपट्टी, झेब्रा पट्टे, आणि जवळ दुकान असेल तर तेथील कॅमेरा दिसला पाहिजे. हे काम सोबतच्या माणसाकडे द्यावे. जखमी पडलेला असताना चालकाने स्वतः मोबाइल घेऊन फिरू नये.

इशारा : धीर यावा म्हणून अपघातानंतर दारू पिऊ नये. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले की कलम १८५ लागते, आणि ती दारू अपघातानंतर घेतली होती हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते.

टप्पा ३ : चोवीस तासांच्या आत

घटनास्थळी पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात जाऊन शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, घटनेची माहिती द्यावी लागते. कलम १३४ चे पालन न केल्यास कलम १८७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चूक चालकाची नव्हती असे पुढे ठरले तरी ही शिक्षा टळत नाही, कारण हा गुन्हा धडकेचा नसून माहिती न देण्याचा आहे.

हद्दीचा प्रश्न आपल्याकडे विशेष गुंतागुंतीचा आहे. शहरात पोलीस आयुक्तालयाची वाहतूक ठाणी, तालुक्यांत जिल्हा पोलिसांची ठाणी, आणि उचगाव ओलांडून शिनोळीच्या बाजूला गेले की चंदगड तालुका म्हणजे महाराष्ट्राचे पोलीस. गुन्ह्याचा तपास जेथे अपघात झाला तेथील ठाणे करते. पण माहिती देण्यासाठी हद्द शोधत बसण्याची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याने हद्दीचा विचार न करता माहिती नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. निपाणीजवळ जखमी झालेल्याला अनेकदा कोल्हापूरला नेतात. तेथे त्याचा मृत्यू झाल्यास मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन कोल्हापुरात होते आणि ते कागद कर्नाटकातील ठाण्याकडे यावे लागतात. या प्रवासात महिना-दीड महिना सहज जातो. एवढ्यात काही आले नाही म्हणजे प्रकरण थंडावले, असा समज चालकाने करून घेऊ नये.

विमा कंपनीला लेखी कळवणे हेही चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. पत्रात पॉलिसीचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, जखमी किंवा मृत व्यक्तीचा तपशील, आणि चालकाचे नाव व लायसन्सचा तपशील द्यावा. एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवले असे होत नाही. ई-मेल करावा किंवा पोच घेऊन पत्र द्यावे.

इशारा : चालकाचे नाव बदलू नये. हा सल्ला गावात फार मोकळेपणाने दिला जातो, आणि तो देणाराच नंतर न्यायालयात साक्षीला येत नाही. खरा चालक लपवण्यासाठी खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खालचा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, आणि त्यात दोघेही अडकतात. जखमीच्या जबाबातून, कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलच्या ठिकाणावरून खरे उघड झाले की विमा कंपनीही हात वर करते.

टप्पा ४ : कोणते कलम लागले ते समजून घेणे

१ जुलै २०२४ पासूनच्या अपघातांना भारतीय दंड संहिता लागू नाही. तरीही ‘२७९, ३३८, ३०४-अ’ हे जुने आकडे लोकांच्या तोंडी आहेत, म्हणून भारतीय न्याय संहितेतील नवे आकडे नीट पाहून घ्यावेत.

सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन चालवणे हे कलम २८१ आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. त्यातून दुखापत झाली तर कलम १२५(अ), सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाली तर कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हाड मोडणे किंवा दात पडणे ही गंभीर दुखापतच आहे, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना असणे किंवा नेहमीचे काम करता न येणे हेही तिच्यात मोडते. ‘पायाला नुसती चीर गेली आहे’ असे म्हणून हे प्रकरण किरकोळ समजणारे येथेच चुकतात.

मृत्यू झाल्यास कलम १०६(१) लागते : पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात ही मर्यादा दोन वर्षे होती. धडक देऊन पोलिसांना न कळवता पळून गेलेल्यासाठी दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे १०६(२) हे उपकलम संहितेत लिहिलेले आहे. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते मात्र लागू न करता राखून ठेवण्यात आले होते. याचा अर्थ पळणे निर्धोक आहे असा होत नाही, कारण १०६(१) आणि मोटार वाहन अधिनियमाचे १८७ दोन्ही लागतातच.

दारूच्या नशेत किंवा माणसे दिसत असूनही गर्दीत गाडी घालणे अशा प्रकारांत पोलीस कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावू शकतात. तो गुन्हा अजामीनपात्र आहे आणि सत्र न्यायालयात चालतो. वरील २८१, १२५ आणि १०६(१) हे गुन्हे मात्र जामीनपात्र आहेत.

तपासून पाहा : जखमीचा उपचारादरम्यान मृत्यू झाला तर १२५(ब) च्या जागी १०६(१) येते. सुरुवातीच्या एफआयआरवर विसंबून राहू नये. दोषारोपपत्रात शेवटी कोणते कलम आहे ते वाचावे.

टप्पा ५ : ठाण्यातील कागद, महजर आणि वाहन सोडवणे

आपण ज्याला पंचनामा म्हणतो त्याला येथील ठाण्यांत महजर म्हणतात. एफआयआरच्या कन्नड प्रतीवर ‘प्रथम वर्तमान वरदी’ असे शीर्षक असते आणि दोषारोपपत्राला ‘दोषारोपण पट्टी’ म्हणतात. हे तीन शब्द ओळखता आले तरी हातात आलेला कागद कोणता हे कळते. ज्याला कन्नड वाचता येत नाही त्याने सही करण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवण्याची शांतपणे विनंती करावी, शक्यतो वाचता येणारा माणूस सोबत न्यावा, आणि सहीखाली ‘वाचून दाखवले, समजले’ असे मराठीत लिहावे. वाचून दाखवले नसेल तर तसे लिहू नये. भाषेच्या हक्काची लढाई मोठी आणि न्याय्य आहे, पण सहीपुढे उभे असताना प्रथम मजकूर समजणे महत्त्वाचे आहे.

महजर होताना रस्त्याची रुंदी, धडकेची जागा डाव्या कडेपासून किती अंतरावर होती, आणि पादचारी कोणत्या बाजूने येत होता या तीन नोंदींकडे लक्ष द्यावे. पुढे निष्काळजीपणाचा सगळा वाद बहुधा याच नकाशावर चालतो.

वाहन ठाण्यात लावले जाते आणि मोटार वाहन निरीक्षक त्याची तपासणी करून ब्रेक, दिवे, टायर यांचा अहवाल देतो. त्या तपासणीआधी गाडी गॅरेजमध्ये नेऊन काच किंवा बंपर बदलू नये. तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार समजला जातो, आणि ब्रेक निकामी झाल्याची बाजू खरी असली तरी ती मांडता येत नाही.

तपासणी झाल्यावर वाहन सोडवण्यासाठी संबंधित प्रथम वर्ग दंडाधिकारी न्यायालयात अर्ज करावा लागतो. सोबत आरसी, विमा, लायसन्स, ओळखपत्र, आणि हमीदार लागल्यास त्याच्या जमिनीचा उतारा किंवा घराचा कर भरल्याची पावती ठेवावी. विमा नसेल तर जखमीच्या संभाव्य भरपाईपोटी पुरेशी हमी दिल्याशिवाय वाहन सुटत नाही. अर्जाला उशीर केला की गाडी ठाण्याच्या आवारात पावसात गंजते. विशेषतः खानापूर भागात एक पावसाळाही पुरतो.

याच काळात पोलीस अठ्ठेचाळीस तासांत प्रथम अपघात अहवाल आणि पुढे नव्वद दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवतात. त्यासाठी चालक व मालकाकडून स्वतंत्र नमुने भरून घेतले जातात. ते कोरे सही करून देऊ नयेत.

टप्पा ६ : जामीन आणि फौजदारी न्यायालय

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस साधारणपणे अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देतात. तिच्यावरची तारीख पाळावी, कारण नोटीस मोडली की अटकेला कारण मिळते. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो ठाण्यातही मिळतो. महाराष्ट्रातून आलेल्या चालकाला स्थानिक हमीदार मिळवताना अडचण येते, म्हणून बेळगाव किंवा निपाणीतील नातेवाइकाचे कागद आधीच तयार ठेवावेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

यानंतरची चूक सर्वांत महागाची, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. समन्स येते, पहिल्या तारखेला न्यायाधीश गुन्हा कबूल आहे का असे विचारतात, आणि ‘कबूल म्हण, दंड भर, आजच मोकळा हो’ असा सल्ला व्हरांड्यातच मिळतो. त्या दिवशी दंड भरून माणूस घरी जातो हे खरे, पण त्याच्या नावावर शिक्षा लागलेली असते. तीच कबुली नुकसानभरपाईच्या दाव्यात निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून दाखल होते, लायसन्सवर कारवाई होऊ शकते, आणि नोकरी किंवा पासपोर्टच्या अर्जात ती नोंद द्यावी लागते. खरोखर चूक झाली असेल तर ती मान्य करणे योग्यच आहे. पण ती वकिलाशी बोलून, परिणाम समजून मान्य करावी, दिवस वाया जाऊ नये म्हणून नव्हे.

बचाव कशाचा करता येतो? बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश (१९९८) या येथल्याच राज्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वाहन ‘भरधाव’ होते एवढ्या साक्षीवरून बेदरकारपणा ठरत नाही. भरधाव म्हणजे किती आणि त्या परिस्थितीत ते निष्काळजीपणाचे का, हे पुराव्यात यावे लागते. उलट बाजूने, झेब्रा पट्ट्यांवर, शाळेसमोर, किंवा आषाढात दिंड्या रस्त्याने चालत असताना चालकाकडून अधिक काळजीची अपेक्षा असते. त्यामुळे ‘तोच अचानक आडवा आला’ हे वाक्य एकटे पुरेसे ठरत नाही. मृत्यूच्या प्रकरणात शिक्षा झाली तर परिवीक्षेवर (तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर) सोडण्याचा लाभ सहसा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा (२०००) मध्ये सांगितलेले आहे.

इशारा : मृत्यूचा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. मृताच्या कुटुंबाने ‘आमची तक्रार नाही’ असे शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिले तरी कलम १०६(१) चा खटला चालू राहतो. दुखापतीच्या प्रकरणात जखमीशी तडजोड शक्य असली तरी ती न्यायालयापुढे नोंदवली तरच उपयोगाची.

टप्पा ७ : नुकसानभरपाईचा दावा

जखमी किंवा मृताचे वारस अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करू शकतात, असे मोटार वाहन अधिनियमाचे कलम १६६(३) सांगते. दावा अपघाताच्या जागी, दावेदार राहतो तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे दाखल करता येतो. म्हणून बेळगावात धडक बसलेल्या चंदगडच्या माणसाचे कुटुंब कोल्हापूर जिल्ह्यात दावा करू शकते, आणि त्याची नोटीस बेळगावच्या मालकाला टपालाने येते. ‘आपली केस तर बेळगावात आहे’ असे समजून ती बाजूला ठेवणाऱ्यांविरुद्ध एकतर्फी निकाल होतात. नोटीस आली की त्याच आठवड्यात तिची प्रत विमा कंपनीला द्यावी आणि पोच घ्यावी.

कोणाचीही चूक सिद्ध न करता कलम १६४ प्रमाणे मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. चूक सिद्ध करून कलम १६६ खाली मागितलेली रक्कम बरीच मोठी होते. समजा, रस्त्याकडेने चालणारा ३८ वर्षांचा गवंडी महिना पंधरा हजार मिळवत होता. मागे पत्नी व दोन मुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निकालांप्रमाणे भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून उत्पन्न एकवीस हजार होते. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा केल्यावर चौदा हजार उरतात. वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार, आणि त्या वयाचा गुणक १५. म्हणजे पंचवीस लाख वीस हजार. अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींच्या रकमा आणि व्याज यांवर वेगळे.

विमा चालू व कागद नीट असतील तर ही रक्कम कंपनी भरते. लायसन्स नसेल तर न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी द्यायला लावते आणि नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. विमाच नसेल तर सगळे मालकावर येते, आणि कलम १७४ प्रमाणे ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होते, म्हणजे उताऱ्यावरची जमीन धोक्यात येते.

आता गावच्या पंचांपुढे दिलेल्या पैशांबद्दल. दोन-तीन लाख रोख देऊन, पुन्हा दावा करणार नाही असे लिहून घेतले जाते. असा कागद न्यायाधिकरणाला बांधत नाही, रोख दिल्याचा पुरावा राहत नाही, आणि विमा कंपनीच्या संमतीशिवाय देणे कबूल केल्यास पॉलिसीची अट मोडल्याचा मुद्दा निघतो. तरीही उपचारासाठी मदत करू नये असे मी म्हणत नाही, ती करावीच. ती बँकेमार्फत किंवा रुग्णालयाच्या खात्यात थेट भरावी, पावती ठेवावी, आणि कागदावर ‘उपचारासाठी मदत’ एवढेच लिहावे. दोन्ही बाजूंना तडजोडच हवी असेल तर विमा कंपनीला सोबत घेऊन ती लोकअदालतीत करावी. तेथील निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि पैसे कुटुंबाच्या खात्यात जातात, मधल्या माणसाच्या हातात नव्हे.

तपासून पाहा : चालक पळून गेला आणि वाहन सापडलेच नाही, तर कुटुंबाला कलम १६१ च्या योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार एवढेच मिळतात. वरच्या गवंड्याच्या हिशेबाशी हा आकडा ताडून पाहिला की पळणाऱ्याने त्या घराचे काय हिरावले ते कळते.

टप्पा ८ : निकालानंतर

दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिल्यास तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते, आणि अपिलासाठी शिक्षा स्थगित ठेवण्याचा अर्ज निकालाच्या दिवशीच त्याच न्यायालयात द्यावा. त्यासाठी हमीदाराला निकालाच्या तारखेला सोबत न्यावे. नाहीतर संध्याकाळपर्यंत कागद पुरे होत नाहीत आणि माणूस आत जातो.

न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्धचे अपील बेळगाव जिल्ह्यासाठी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात, नव्वद दिवसांत करावे लागते. रक्कम भरण्याचा आदेश ज्याच्यावर आहे त्याला अपिलाआधी पंचवीस हजार रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांतील जी कमी असेल ती, जमा करावी लागते. वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील चालत नाही. निवाड्याची प्रमाणित प्रत मिळवण्याचा अर्ज निकालाच्याच आठवड्यात करावा, आणि वाहन सोडवताना न्यायालयाला दिलेला बॉण्ड रद्द करून घेतल्याचा आदेश आरसीसोबत जपून ठेवावा, कारण पुढे ते वाहन विकताना तोच कागद मागितला जातो.